मुंगसाची गुंजमाळ

मुलांनो, करवंदाच्या जाळ्या जिथे इतक्या दाट की ससासुद्धा अंग चोरून जातो, अशा एका घाटाच्या पायथ्याला एक मुंगूस राहत असे. त्याचा धंदा एकच, साप हुसकावणे. घुशीच्या बिळात धामण शिरली, लाव्ह्याच्या घरट्यापाशी नाग फिरकला, की निरोप यायचा, "मुंगूसराव, धावा!" आणि मुंगूसराव धावायचे. आता तुमच्यातला एखादा चोखंदळ विचारेल, मुंगूस स्वतःच अंडी खातो ना? खातो बाबा, खातो. पण या मुंगसाचा एक नेम होता. ज्याच्या घरी कामाला गेलो, त्याच्या घरचं काही तोंडात घालायचं नाही, नाकतोड्यांवर भागवायचं. त्या नेमामुळेच सगळं रान त्याला भरवशाने हाक मारायचं.

वर पठारावर साप फार. त्यामुळे त्याला सारखा घाट चढावा लागे, आणि वाटेतला मुक्काम ठरलेला असे, सायाळबाईकडे. सायाळ एकदा बीळ खणायला लागली की थांबायचं कुठे ते तिला कळत नाही. या बाईंच्या बिळाला तर इतक्या खोल्या झाल्या की शेवटी त्यांनी वाटसरूंसाठी मुक्कामघरच काढलं. बाई बोलायला काटेरी, पण कुठल्या पाहुण्याला काय हवं ते बरोबर ओळखायच्या. मुंगूस दारात दिसला की म्हणायच्या, "आलात? चिखलाचे पाय घेऊन आत यायचं नाही, सांगून ठेवते. तोंडाजवळची खोली झाडून ठेवलीय. आतल्या खोलीत जीव गुदमरतो ना तुमचा, ठाऊक आहे मला." मुंगूस मुकाट्याने पाय पुसायचा, आत जाऊन ढाराढूर झोपायचा आणि उजाडताच कामाला लागायचा.

असं सगळं छान चाललं होतं. मग मुक्कामघरात कारभारी म्हणून एक कोल्हा आला. आणि कोल्ह्याच्या डोक्यात कल्पना म्हणजे काय विचारता!

"बाई," तो म्हणाला, "नेहमीच्या पाहुण्यांना तुम्ही नुसतं ओळखता. त्याने काय होतं? त्यांचा मान चारचौघांत दिसला पाहिजे. मग बघा, दुसऱ्या कुणाकडे फिरकणार नाहीत."

सायाळबाईंना ते फारसं पटलं नाही, पण नाहीही म्हणवलं नाही. झालं, कोल्ह्याने नियम केले. एक रात्र राहिलं की गुंजेचा एक लाल मणी. मण्यांनी दोरा भरला की झाली गुंजमाळ, ती गळ्यात घालायची. माळवाल्यांना वेगळं दार. आल्याआल्या द्रोणातून मधाचं पाणी. चांगली खोली रिकामी असेल तर ती आधी त्यांना. बाकीच्यांनी तांबडं फुटताच निघायचं, पण माळवाल्यांनी ऊन डोक्यावर येईपर्यंत लोळलं तरी चालेल, आणि ते विश्रांती घेत असताना कुणीही हाक मारायची नाही. अट एवढीच, की दरवर्षी पळस फुलला की जुन्या माळा तोडायच्या. ज्याने तोवर नवा दोरा भरला असेल, त्याचाच मान पुढे चालू.

पहिली गुंजमाळ पडली ती अर्थातच आपल्या मुंगसाच्या गळ्यात. आणि खोटं कशाला बोलू, त्याला ती फार आवडली. वर्गात बाईंनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली की दोन दिवस तुमचे पाय जमिनीला लागत नाहीत ना? याचे कितीतरी दिवस लागले नाहीत. चालताना मान अशी ताठ की समोरचा दगडही दिसू नये. घरी मुंगशिणीने पाणी पुढे केलं तर म्हणतो कसा, "तिथे मधाचं देतात हो. मी गेलो की सगळे उठून उभे राहतात."

"इथे कुणी उठून उभं राहणार नाही," मुंगशीण म्हणाली. "इथे तुमच्या अंगावर चढतील." तिच्या कुशीत चार पिल्लं होती, नुकतेच डोळे उघडलेली, आणि ती खरंच बापाच्या पाठीवर चढायला धडपडत होती.

त्या वर्षी झालं काय, की पठारावरचे साप कमी झाले. का कमी झाले? अहो, यानेच तर हुसकावले होते! दुसरा एखादा असता तर पाय ताणून सुखाने घरी बसला असता. हाही चार दिवस बसला. मग त्याचं लक्ष आपल्या नव्या दोऱ्याकडे गेलं. दोरा अर्धामुर्धाच भरलेला, आणि पळसाला काळ्या कळ्या धरलेल्या. आता माळ जाणार! वेगळं दार जाणार, ते उठून उभं राहणं जाणार! ज्याच्या गळ्यात सगळ्यात आधी पडली त्याच्याच गळ्यातून उतरली, तर रान काय म्हणेल?

म्हणून तो काम नसताना घाट चढायला लागला. मुंगशिणीला सांगायचा, "घुशीकडून निरोप आलाय," कधी म्हणायचा, "मोराने बोलावलंय." वर जायचा, मधाचं पाणी प्यायचा, झोपायचा, मणी ओवून परत यायचा. असं करत करत दोरा भरत आला. शेवटी एकच मणी उरला, आणि पळसाच्या कळ्या तर अगदी उमलायला टेकलेल्या.

त्या दिवशी मुंगशीण म्हणाली, "उद्या सकाळी पिल्लांना पहिल्यांदा बिळाबाहेर काढावं म्हणते. थांबा की हो एक दिवस."

"काम आहे गं," मुंगूस म्हणाला. "काम म्हणजे काम." तो निघाला, पण मागे वळून बघायचं काही त्याला जमलं नाही.

दुपार कलता कलता तो मुक्कामघरापाशी पोचला, आणि बघतो तर काय! माळवाल्यांच्या दारापुढे ही एवढी रांग. ससे, उदमांजरं, रानकोंबड्या, सगळ्यांच्या गळ्यात माळा आणि सगळ्यांना एकेक मणी हवा. साधं दार मात्र रिकामं पडलेलं, तिथे चिटपाखरू नाही. मुंगूस पुढे घुसला. "अहो कारभारी, मी! पहिला माळवाला!"

"सगळेच माळवाले आहेत, मुंगूसराव," कोल्हा गोड हसून म्हणाला. "जरा रांगेत या."

रांगेत पुढे उभ्या असलेल्या सशाने वळून विचारलं, "कुठे निघालात?"

"कामाला," मुंगूस म्हणाला. "तुम्ही?"

"छे, कुठेच नाही. माझं बीळ हे काय, त्या जाळीमागे. मण्यासाठी आलोय." ससा खो-खो हसला. मुंगसाला हसू आलं नाही.

मधाच्या पाण्यात त्या दिवशी मध बहुतेक नुसता दाखवलेला होता. खोली मिळाली ती अगदी आतली, ओलसर, नाकाला मातीचा कोंदट वास येणारी. सायाळबाई इकडून तिकडे धावत होत्या. मुंगसाने मुद्दाम पाय न पुसता त्यांच्यासमोरून दोन फेऱ्या मारल्या, तरी त्यांचं लक्ष गेलं नाही. त्याला वाईट वाटलं. मग त्याने स्वतःचीच समजूत घातली, 'एक रात्र काढायची. उद्या माळ आपली.' आणि तो डोळे मिटून पडला.

एवढ्यात बाहेरून आवाज आला. तो आवाज कुणाचा ते सांगायला नको, बहिऱ्यालाही कळेल. टिटवी!

"मुंगूसराव आहेत का? मुंगूसराव! माळावर नाग आलाय हो! माझी अंडी आहेत तिथे, चार अंडी! आमचे हे पंख मोडल्याचं सोंग करून त्याला लांब नेतायत, पण तो काही फसत नाही. सारखा अंड्यांकडेच वळतोय!"

"हळू, हळू," कोल्हा म्हणाला. "माळवाले विश्रांती घेतायत. त्यांना हाक मारायची नाही, असा नियम आहे. सकाळी ऊन वर आलं की या."

"सकाळी? सकाळी काय टरफलं दाखवू त्यांना?"

मुंगसाने हे सगळं ऐकलं, शब्दन् शब्द ऐकला. आणि मुलांनो, सांगायला लाज वाटते, पण तो उठला नाही. त्याच्या मनात आलं, आता बाहेर पडलो तर रात्र इथे जात नाही. रात्र इथे गेली नाही तर मणी नाही. मणी नाही तर माळ नाही. टिटवा आहे की तिथे, हाकलेल तो नागाला. आपण झोपलो होतो, ऐकूच आलं नाही, असं म्हणता येईल. त्याने डोळे आणखी घट्ट मिटून घेतले.

तोच टिटवीचा आवाज एकदम खाली आला. "बरं, बरं. मी त्यांच्या घरी गेले होते. वहिनी म्हणाल्या, ते इकडे कामावर आलेत. म्हणजे इथेही कुणाकडे तरी साप निघाला असेल. त्यांचंही घरदार असेल, पिल्लं असतील. आधी त्यांचं होऊ द्या. मी थांबते इथे, दाराशी. मुंगूसरावांचं आटपलं की मात्र लगेच सांगा हं त्यांना."

आणि ती खरंच थांबली. तिकडे तिची अंडी उघड्यावर, आणि ही बाई दाराशी गप्प उभी, का तर दुसऱ्या कुणाचं तरी काम चाललंय म्हणून!

मुंगसाने खाडकन डोळे उघडले. आपल्या थापेवर ती विश्वास ठेवून उभी होती. असं मेल्याहून मेल्यासारखं त्याला जन्मात कधी झालं नव्हतं. तो ताडकन उठला, बोळातून धावत बाहेर आला आणि टिटवीला म्हणाला, "चला! कुठल्या बाजूला?"

"तुमचं इथलं काम झालं?"

"इथे काही कामच नव्हतं," मुंगूस म्हणाला. "चला लवकर."

"अहो, मुंगूसराव!" कोल्हा मागून ओरडला. "एकच मणी राहिलाय! आता गेलात तर माळ जाईल!"

"जाऊ दे!" मुंगूस धावता धावता ओरडला.

माळावर पोचेपर्यंत सूर्य टेकडीला लागला होता. टिटवा दमून खाली बसला होता, आणि नागाने खड्यांमधल्या अंड्यांवर फणा काढला होता. मुंगूस मध्ये उभा राहिला, शेपटी फेंदारून. नागाने फूत्कार टाकला, एकदा झेप घेतली, दुसऱ्यांदा घेतली. मुंगूस दोन्ही वेळा निसटला आणि तिसऱ्या वेळी त्याने नागाच्या मानेशी असा काही चावा घेतला, की नागोबा फणा मिटून जे निघाले ते ओढ्यापलीकडे दिसेनासे झाले. टिटवीने अंडी चोचीने हलवून पाहिली. चारही शाबूत! ती अंड्यांवर बसली आणि मग कुठे तिला रडू फुटलं.

"तुम्हाला बसा म्हणायला इथे खोली नाही, की पाणी नाही," ती म्हणाली.

"टिटवीताई, तुम्ही माझी वाट पाहिलीत, तेवढं पुष्कळ झालं," मुंगूस म्हणाला. तिथून तो थेट घाट उतरला.

मुंगशीण बिळाच्या तोंडाशीच बसली होती. "झालं काम?"

"हे झालं. आधीची नव्हतीच," मुंगूस म्हणाला आणि मान खाली घालून उभा राहिला.

"ठाऊक आहे मला," मुंगशीण म्हणाली. "साप काय पळस फुलायच्या आत हजेरी लावायला निघतात होय? म्हटलं, बघू या, तुमचं तुम्हाला कधी कळतं ते. या आता आत." दुसऱ्या दिवशी पिल्लं बाहेर आली. पहिल्याने ऊन बघून शिंक दिली, आणि बाकीची तीन त्या शिंकेला घाबरून परत आत पळाली. मुंगूस पोट धरधरून हसला. समोरचा पळस लालभडक फुलला होता, पण तिकडे त्याचं लक्षही गेलं नाही.

पुढे पावसाळ्याच्या तोंडाशी पठारावरून खरंखुरं बोलावणं आलं. मुंगूस मोकळ्या गळ्याने घाट चढला आणि साध्या दारातून आत गेला. शेजारच्या दाराने गुंजमाळ घातलेला तोच ससा आत शिरत होता. त्याला द्रोण मिळाला, याला नाही. मुंगसाला क्षणभर, अगदी क्षणभरच, चुटपुट लागली. नाही कशाला म्हणू!

सायाळबाई लगबगीने पुढे आल्या. टिटवीची हकिगत त्यांच्या कानावर गेली होती, आणि टिटवीला ठाऊक झालेली गोष्ट रानात कुणाला ठाऊक नसते? "एकच मणी कमी पडला तुम्हाला," त्या म्हणाल्या. "मी घालते पदरचा. घ्या तुमची माळ."

"नको बाई," मुंगूस हात जोडून म्हणाला. "ती गळ्यात आली की मी पुन्हा पळसाकडे बघायला लागेन. पळसाकडे बघायला लागलो की बायकोशी खोटं बोलायला लागेन. द्यायचीच तर झोपायला जागा द्या. उद्या पहाटे निघायचंय."

कोल्हा गोंधळला. माळ नको म्हणणारा पाहुणा त्याच्या नियमांत बसत नव्हता. "मग तुम्हाला कुणात धरू?" त्याने विचारलं.

"कामाला निघालेल्यांत धरा," मुंगूस म्हणाला, आणि मिळाली त्या खोलीत अंग टाकून तो घोरायला लागला.

तात्पर्य : खरा मान आपल्या कामामागून चालत येतो. जो टिकवण्यासाठी काम सोडून धावावं लागतं, तो मान नव्हे, ती चाकरी.