उघाडीचं दार

एकदा काय झालं, समुद्राला एका गावाचं शेत आवडलं. हिरवंगार भाताचं शेत, पण सखल. भरतीच्या पाण्याच्याही खाली. मधे मातीचा उंच बांध, आणि बांधाच्या पोटात एक लाकडी दार. त्या दाराला म्हणायचे उघाडी. ओहोटी लागली की दोर ओढून दार उचलायचं, शेतातलं पाणी बाहेर सोडायचं. भरती यायला लागली की तोच दोर उलटा ओढून दार खाली पाडायचं. काम एवढंच, बरं का. पण ते चुकलं की खारं पाणी आत.

ही उघाडी राखायचा पास्कू. त्याचा धाकटा भाऊ इनास. बापाने मरताना आपल्या वाट्याचं शेत दिलं इनासला आणि दोर दिला पास्कूला. इनास मनाने वाईट नव्हता, पण जीभ सैल. सणाच्या जेवणात चारचौघांत म्हणायचा, "आमचा दादा मोठा दारवान! खेकडे पळून जातील म्हणून पहारा करतो." सगळे हसायचे. पास्कूही हसायचा. पण ते हसू त्याच्या पोटात जाऊन आंबायचं.

उघाडीजवळ दगडी क्रूस होता. दार पाडण्याआधी क्रूसाला हात लावायचा, ही तिथली रीत. मग एके दिवशी पास्कूने हात लावला आणि म्हणाला, "देवबापा, तुला सगळं ठाऊक. मोठं उधाण येईल तेव्हा मी काय करीन, ते सांग."

क्रूसामागून देवदूत आला. चिखलातून चालला, पण चिखलात पाऊल उमटलं नाही. म्हणाला, "विचारू नकोस." आणि गेला.

मग पास्कूने पुन्हा विचारलं. देवदूत म्हणाला, "कळून तुझं भलं होणार नाही." आणि गेला.

पास्कूने तिसऱ्यांदा विचारलं. देवदूताने नुसतं पाण्याकडे बोट केलं. पाण्यात पास्कूला काय दिसलं? दार वर टांगलेलं. शेतात पाणी घुसतंय. आणि त्याचा स्वतःचा हात, गुडघ्यावर स्वस्थ पडलेला.

मग पास्कू घाबरला का? आधी घाबरला. घरी गेला, जेवला नाही. मग हळूहळू त्याला बरं वाटायला लागलं. का बरं वाटलं असेल, सांगा बघू? तो म्हणाला, "देवाने पाहिलंय म्हणजे ठरलंय. ठरलंय म्हणजे माझा काय दोष?"

मग मोठं उधाण आलं. भरदुपारी. गाव होतं देवळात, सणाची मिस्सा, म्हणजे मोठी उपासना, चालली होती. पास्कू एकटा बांधावर. पाणी चढू लागलं. दोर हाताशी होता. क्रूस हाताशी होता. त्याने कशालाच हात लावला नाही. इनासचं ते हसणं आठवलं, आणि हात गुडघ्यावर ठेवला.

इतक्यात बांधावरून इनासची मुलगी आली. जाबू तिचं नाव. पुढे बदकं, मागे ही. म्हणाली, "काका, दार पाडलंस ना? मी खाली जाते, एक बदक राहिलंय."

पास्कूने मान वर केली नाही. नुसतं म्हणाला, "हूं."

काका बसलाय म्हटल्यावर पोरीला कसली भीती? ती उतरली भातात.

मग पाणी आलं. असं आलं, पोरांनो, की बांध थरथरला. तेव्हा पास्कू उठला, दोराला लोंबकळला, ओरडला. पण पाण्याच्या जोरापुढे दार हलेना. बदकं पोहत पोहत घरी आली. जाबू आली नाही.

गाव म्हणालं, दोर अडकला असेल. इनास तर भावाच्या गळ्यात पडून रडला. म्हणाला, "दादा, तू काय करणार? देवाची इच्छा."

ते ऐकून पास्कूला अन्न गोड लागेना. मग तो क्रूसापाशी गेला आणि गरजला, "तुम्हाला माहीत होतं! मग पाप कोणाचं?"

देवदूताने त्याला पंखावर घेतलं आणि देवळाच्या मनोऱ्यावर नेऊन ठेवलं. खाली गावातली मारूबाय घागर घेऊन चालली होती. पुढे दोन वाटा. ती थांबली, कंबर खाजवली, आणि विहिरीची वाट धरली.

देवदूत म्हणाला, "तिला तिकडे तू ढकललंस?"

"मी कशाला ढकलू? मी नुसतं पाहिलं."

"तोही पाहतो."

"पण त्याने आधी पाहिलं!"

"आधी आणि नंतर तुम्हा खाली चालणाऱ्यांना. त्याला सगळी वाट एकदम दिसते. तू दार पाडलं असतंस, तर त्याला ते दिसलं असतं."

"मग मला दाखवलं कशाला?"

"तू तीनदा विचारलंस. मी काय करीन, हेच विचारलंस. मी काय करावं, हे एकदाही नाही."

पास्कू रडला. म्हणाला, "मग माझा हात त्याने धरला का नाही? पोरीसाठी तरी?"

याचं उत्तर देवदूताने दिलं नाही. ते मलाही ठाऊक नाही, पोरांनो. म्हातारी झाले तरी नाही.

देवदूताने त्याला खाली उतरवलं. म्हणाला, "आता तू कुठे जाशील, ते सांगू?"

पास्कूने दोन्ही कानांवर हात ठेवले. "नको! सांगू नकोस."

आणि तो चालू लागला. इनास अंगणात बसला होता, पायाशी बदकं. पास्कू समोर उभा राहिला. म्हणाला, "इनास, ती देवाची इच्छा नव्हती. माझी होती. दोर अडकला नव्हता. मी हात लावला नाही."

इनासने त्याच्याकडे पाहिलं. मग उठून घरात गेला आणि दार लावून घेतलं.

पुन्हा उधाण आलं. पास्कूने क्रूसाला हात लावला, दोर धरला. दार फुगलेलं, एकट्याला सुटेना. तेवढ्यात मागून दुसरे दोन हात दोरावर आले. इनासचे. दोघांनी मिळून दार पाडलं, आणि इनास आल्या वाटेने परत गेला. मग दर उधाणाला तो येई. बोलला मात्र कधीच नाही. शेत पुन्हा पिकलं, गाव पोटभर जेवलं. सुखी झाले म्हणवत नाही मला, पण जगले.

काय गं, झोपली नाहीस अजून? काय विचारतेस, पास्कू इनासकडे जाईल हे देवाला माहीत होतं का? होतं की. पण पाय पास्कूचे होते, आणि त्याला ते उचलावे लागले. चला, पांघरूण घ्या. भरती आली असेल आता. दार पाडलेलं आहे, मी पाहून आलेय. मिटा डोळे.