सुटलेल्या होडीची परवानगी

"मग मोहोर उमटवू की नको, बाबा? एवढंच सांगा."

जिवाजीपंतांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. नूरशा फकीर होडीत साचलेलं पाणी करवंटीनं उपसत होता. वर न बघताच तो म्हणाला, बोलायचं तर आत येऊन बस, मला काम आहे.

पंत होडीत जाऊन बसले. खाडीकाठच्या त्या राज्याच्या सभेत पहिली मोहोर त्यांची. फौज समुद्रापार न्यायची तर आधी सभेला विचारायचं, कशाला जायचं आणि परत कधी यायचं ते सांगायचं, मग पंतांनी मोहोर उमटवायची, अशी जुनी रीत होती. दिवाणसाहेबांनी ती मोठ्या खुबीनं खुंटीला टांगली. मित्रराज्यात लग्न आहे, आपलं वऱ्हाड जातंय, एवढंच त्यांनी सभेला कळवलं. वऱ्हाडाला कसली आलीय संमती? गलबतं गेली. वऱ्हाडी आठशे, सगळे हत्यारबंद, आणि बरोबर अकरा तोफा. नवरा कोण आणि नवरी कोण, हे अजून कुणाला ठाऊक नाही.

आता तिकडं लढाईला तोंड फुटल्यावर दिवाणसाहेब संमती मागत होते. सभा आज दुपारीच होती. मोहोर उमटली की आणखी दोन हजार जाणार, नाही उमटली तर गेलेली गलबतं रीतीप्रमाणे माघारी बोलवावी लागणार. त्या आठशेंत साठ पोरं पंतांच्या गावची होती.

"दिवाणांवर माझा काडीचा विश्वास नाही," पंत म्हणाले. "पण आता नको म्हटलं तर पोरं तोंडघशी पडतील, असं सगळी सभा म्हणते. आम्हाला त्यांनी विचारलंच नाही हो. त्यात आमचा काय दोष?"

फकिरानं करवंटी बाजूला ठेवली.

याच होडीतून फकीर लोकांना खाडीपार नेई, आणि त्या तरीवर एक नेम होता. दोर सोडण्याआधी फकीर तीनदा विचारायचा, सोडू का? एकानं जरी थांब म्हटलं, मग तो कुणी का असेना, होडी थांबायची. आज त्यानं विचारलं नाही. मुकाट्यानं दोर सोडला आणि काठीनं होडी रेटली.

पंतांनी ते पाहिलं. त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. दिवाणांनी यालाही फितवलंय की काय? ओहोटीला गेलेली होडी भरतीशिवाय परतत नाही, म्हणजे संध्याकाळच. पंत सभेत नसले की मोहोर दुसऱ्या सभासदाकडं जाई, आणि ते गृहस्थ दिवाणांचे साडू. डाव उघड दिसत होता. तिथल्या तिथं ओरडायला हवं होतं.

पंत ओरडले नाहीत. खरं सांगायचं तर त्यांना हायसं वाटलं. व्हायचं ते परस्पर होईल, आणि आपल्या अंगाला काही लागणार नाही... त्यांनी शालीची घडी नीट केली आणि पलीकडच्या काठाकडं बघत बसले.

खाडीच्या मध्यावर फकिरानं काठी गाळात रोवली. होडी थांबली.

"सोडू का?" त्यानं विचारलं.

पंतांना हसू आलं. "आता कसलं विचारता? मध्यावर आलो."

"मी दोर सोडताना तू बघत होतास."

पंतांनी नजर पाण्याकडं वळवली.

"आणि गलबतांवर तोफा चढताना?"

नाही म्हणावं, असं पंतांच्या अगदी ओठांवर आलं. पण त्या दिवशी बंदरावर नारळ त्यांनीच वाढवला होता. मानाचा शेला त्यांनीच घेतला होता. तोफांवर घोंगड्या टाकल्या होत्या आणि एका घोंगडीखालून तोफेचं तोंड बाहेर आलं होतं. तेव्हा पंतांनी मान दुसरीकडं वळवली. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

"बघितल्या," ते म्हणाले. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

मागं राहिलेल्या काठावर सभेचा पहिला नगारा वाजला. तिसऱ्याला दारं बंद होत.

"बाबा, होडी मागं घ्या."

"ओहोटी आहे. ती नाही यायची मागं."

"मग भर पाण्यात आता थांब म्हणून काय उपयोग?" पंत म्हणाले. "सुटली ती सुटली."

फकिरानं त्यांच्याकडं एकवार पाहिलं. जरीची पगडी, घडीची शाल, पायात नवे जोडे...

"उतर, पंत," तो म्हणाला. "कमरेइतकंच पाणी आहे."