सत्त्याण्णव टक्के आनंद

पुण्यातल्या एका कंपनीने चेहरा पाहून मन ओळखणारं यंत्र बनवलं. जर्मनीहून आलेल्या एक बाई ते विकत घेऊन मनिलातल्या आपल्या कॉल सेंटरमध्ये बसवणार होत्या. जी मुलगी नाखूश दिसेल, तिची नोकरी जाणार! "हा अन्याय आहे," असं ते यंत्र बनवणाऱ्यांपैकी एक, शलाका, कधीची सांगत होती. पण कंपनीचे मालक राजवाडेसाहेब म्हणायचे, "अगं पोरी, कॅमेरा खोटं बोलत नाही."

यंत्र दाखवायला चालू ठेवलं होतं, तेव्हा बाईंसमोरच साहेबांनी जाहीर केलं, "बाईंच्या कंपनीत काम करायला बर्लिनला ओजस जाईल."

वर्षभर यंत्रावर राबली शलाका आणि बर्लिन तिच्या शेजारच्या टेबलावरच्या ओजसला! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी तिने गोड हसून टाळ्या वाजवल्या. यंत्राच्या पडद्यावर उमटलं: शलाका, आनंद सत्त्याण्णव टक्के.

"बघा, मनातलं वाचतं!" साहेब फुशारले.

"साहेब, मत्सराने माझी नुसती आग होतेय," शलाका बाईंनाही कळावं म्हणून इंग्रजीत म्हणाली. "हसले ते नोकरी टिकवायला. मनिलातल्या मुलीही अशाच हसतील, आणि जिला खोटं हसता येत नाही, तिलाच तुम्ही घरी बसवाल."

बाईंनी सही न करताच करार बॅगेत घातला. साहेब कसनुसं हसले.

पडद्यावर उमटलं: राजवाडे, आनंद नव्व्याण्णव टक्के.