तरबळ झरा

घाटातल्या अर्धवट बोगद्याच्या तोंडाशी एक झरा आहे. त्याला तरबळ म्हणतात. पाणी भरायला आलेली बाई आधी ओंजळभर पाणी उन्हात धरून बघते, मगच घागर बुडवते. ही रीत कुठून आली, ते वस्तीतले यल्लप्पा आजा पाहुण्यांना सांगतात, तेही झऱ्याकडे पाठ न करता.

बोगदा खोदायला गोऱ्या साहेबाने वडार आणले होते म्हणे. त्यांत तिम्मा आणि त्याची बायको सायव्वा. बोगद्याच्या भिंतीतून पाझरणारे पाणी याच झऱ्याला येऊन मिळे. एकदा ते गढूळ झाले, तसा साहेब ‘ट्रबल, ट्रबल’ असे ओरडत सगळ्यांना बाहेर घेऊन आला आणि मागे दरड कोसळली. तेव्हापासून सायव्वाच्या मनाने घेतले, की गढूळ पाण्यालाच इंग्रजीत तरबळ म्हणतात.

बाकीच्यांना मात्र त्या शब्दाचा नादच लागला. पीठ संपले, तरबळ. गाढव अडून बसले, तरबळ. सासू रुसली तर मोठी तरबळ. तिम्मा यात सगळ्यांच्या पुढे. बायकोला चिडवायला त्याला तेवढे पुरे होते.

असे सांगतात, की एका दुपारी सायव्वा पाणी भरत असताना झरा गेरूसारखा लाल झाला. घागर तिथेच टाकून ती बोगद्याकडे धावली.

“तरबळ आली, तरबळ! भायेर या समदी!”

आत हशा पिकला. मग तिम्माचा आवाज आला, “कसली तरबळ गं? मीठ सरलं, का सासू रुसली?”

“पानी...” एवढेच तिच्या तोंडून निघाले आणि डोंगर खाली बसला.

आतले कुणीच बाहेर आले नाही. साहेब काम सोडून गेला, पण वडारांनी तळ हलवला नाही. आपली माणसे डोंगरात टाकून जायचे कुठे? सायव्वा म्हातारी होऊन मेली, तो शब्द काही पुन्हा बोलली नाही. मरताना नातवंडांना एवढेच बजावले म्हणे, “इचारत बसू नका. आधी निगा.”

मागे एक मास्तर आले होते. ते म्हणाले, ‘ट्रबल’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थच मुळी ‘गढूळ करणे’ असा आहे.

“म्हंजी बाईचा शबूद बरूबर व्हता,” आजा म्हणाले. “आमीच त्यो हसण्यावारी न्हेला.”

आजही या वस्तीत साध्या अडचणीला कुणी तरबळ म्हणत नाही. झऱ्यावरून तशी हाक आलीच, तर तव्यावरची भाकर तव्यावर टाकून, लेकरे काखेत मारून माणसे उघड्यावर येतात. ‘कसली’ असे कुणी विचारत नाही.