हिंगणगडात नाकबंदी

हिंगणगड संस्थानात ‘नाक’ या शब्दाला बंदी झाली! जो हा शब्द उच्चारील त्याने तुरुंगात जाऊन तीन महिने दळण दळावे, असा रणधवल महाराजांचा हुकूम सुटला.

कारण इतकेच, की महाराजांचे नाक फार लांब होते. शेजारचे राजे मेजवानीला आले आणि हसत म्हणाले, "वा! आधी आपलं नाक भेटलं, आपण मागाहून आलात!" पाहुण्याला काही दळायला बसवता येत नाही. मग महाराजांनी सगळा राग प्रजेवर काढला.

झाले! लोकांच्या अगदी नाकी नऊ आले, पण तसे म्हणायचीही सोय उरली नाही. भांडणात बायका "माझ्या संसारात तुझं ते खुपसू नकोस!" म्हणू लागल्या, आणि ‘ते’ म्हणजे काय, यावरून नवेच भांडण जुंपू लागले. एका मध्यस्थाने घाबरून उपवर मुलीची तारीफ "डोळी नीटस आहे" एवढीच केली. वरमाईला शंका आली, "मग बाकीच्याचं काय झालं?" सोयरीक मोडली! सर्दी झालेल्या एकाने वैद्यबुवांना "तोंडावर सारखं पाणी वाहतंय" असे सांगितले, तर बुवांनी त्याच्या डोळ्यांत औषध घातले. बिचारा दिवसभर रडत होता.

यात अंताजी सोनार सापडले. नथ घ्यायला आलेल्या बाईंना ते सवयीने म्हणाले, "नाकात घालून तर बघा!" नेमका तेव्हाच दारावरून शिपाई चालला होता. संध्याकाळी अंताजी जात्यावर बसले.

त्यांची मुलगी सगुणा भाकरी घेऊन तुरुंगात गेली, तेव्हा बाबांच्या तळहातांना फोड आलेले तिने पाहिले. ज्या हातांनी केसाएवढी तार ओढायची, त्या हातांनी दळण? तिला रडू आले, आणि त्याहून जास्त संताप आला. ती तडक राजवाड्यावर गेली.

तिथे वेगळाच गोंधळ. राजकन्या मैनाराजेंचे नाक टोचायचे होते, मुहूर्त दुसऱ्या दिवशीचा, आणि एकही सोनार यायला तयार नव्हता. कामाच्या नादात शब्द निसटला तर?

सगुणा मुजरा करून म्हणाली, "सरकार, मी टोचते. बाबांनी शिकवलंय मला. फक्त बाबांना सोडा."

"बापाचं नाव काढू नकोस! हुकूम म्हणजे हुकूम!" महाराज गरजले. "टोचलंस तर सोन्याचं कडं देईन. पण तुझ्या तोंडून तो शब्द निघता कामा नये, आणि माझी मैना रडता कामा नये. चुकलीस, तर तूही दळायला बसशील!"

"अहो, टोचताना न रडणारं पोर कुणी पाहिलंय का?" राणीसाहेब म्हणाल्या.

"मी पाहणार आहे! उद्या!"

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. मैनाराजे महाराजांच्या मांडीवर बसल्या होत्या, ओठ आधीच थरथरत होते. सगुणाने सोन्याची तार दिव्यावर धरली, तिला तेल लावले आणि हात मागे घेतला.

"सरकार, आमच्या कामाची एक रीत आहे. कुठं टोचायचं ते मुलीच्या वडिलांनी सांगितल्याशिवाय सोनार तार लावत नाही. उद्या कुणी म्हणायला नको, भलतीकडेच टोचलं! तर, कुठं टोचू?"

महाराजांनी स्वतःच्या नाकावर बोट ठेवले. "इथं!"

"जशी आज्ञा!" म्हणत सगुणा तार घेऊन थेट महाराजांच्या नाकाकडे सरकली.

"अगं, मला नव्हे!" महाराज मागे सरले. मैनाराजे खुदकन हसल्या.

"मग कुणाला?"

"हिला!"

"हिला कुठं?"

"डोळ्यांच्या खाली, ओठांच्या वर!"

"म्हणजे गालाला!" तार गालाशी आली.

"गालाला नाही!" राणीसाहेब किंचाळल्या. "अहो, नीट सांगा ना!"

"जरा बाजूला गं!"

"कानाला?"

"कान नव्हे! मधोमध!"

"कपाळाला?"

"अगं बये, नाकाला! नाकाला! डाव्या नाकपुडीला!"

वडिलांची ती त्रेधा पाहून मैनाराजे पोट धरून हसत होत्या. हसून हसून श्वास घ्यायला त्या क्षणभर थांबल्या, तेवढ्यात सगुणाने तार आरपार नेली आणि वळवलीसुद्धा! पोरीला कळलेही नाही.

दरबार मात्र चिडीचूप झाला होता. दिवाणजी उगाच छताकडे बघू लागले.

"पोरी," महाराजांनी हळूच विचारले, "मी आत्ता काय म्हणालो?"

"सरकार, मी कसं सांगू? मला बंदी आहे!"

कोपऱ्यात कुणीतरी फिस्सकन हसले. महाराजांचा चेहरा तांबडा झाला. "म्हणजे आता आम्ही दळायला बसायचं?"

सगुणा मागे हटली नाही. "हुकूम म्हणजे हुकूम, सरकार! पण एक अडचण आहे. तुरुंगात जातं एकच, आणि त्यावर बाबा बसलेत. आपल्याला जागा करून द्यायची, तर आधी बाबांना घरी पाठवायला हवं!"

महाराजांनी क्षणभर तिच्याकडे रोखून पाहिले. मग जे हसू लागले, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत! "दिवाणजी, अंताजीला इकडे आणा! आणि तो हुकूम फाडून टाका, नाहीतर आमची खैर नाही!" सोन्याचे कडे त्यांनी स्वतः सगुणाच्या हातात घातले, आणि राजवाड्याचे दागिने यापुढे तिच्याच दुकानातून घडतील असे सांगून टाकले.

इतक्यात पिठाने पांढरे झालेले अंताजी आले. हुकूम रद्द झाल्याचे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते! त्यांची नजर आधी गेली मैनाराजेंकडे.

"वा, सगुणे! तार नाकात कशी झोकात बसलीय!" ते कौतुकाने म्हणाले, दचकले, दोन्ही हातांनी तोंड दाबले, आणि मुकाट्याने पुन्हा तुरुंगाच्या वाटेला लागले.

"अरे, धरा त्याला!" महाराज ओरडले, आणि हसता हसता सिंहासनावरून घसरले.