लव असलेली तुती

फार जुनी गोष्ट, डोंगरांना अजून नावं पडायची होती तेव्हाची. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी.

त्या डोंगरांत एक गाव होतं आणि गावात घरटी एक तुती होती. फळ काळंभोर, बोटाएवढं, मधासारखं गोड. पण त्याची एक खोड होती. तोडलं की संध्याकाळपर्यंत त्याचं पाणी होई. टोपलीत घालून परगावी पाठवायची सोय नाही. खायचं तर झाडाखाली यावं लागे. म्हणून तुती पिकली की सासरचे त्या गावच्या लेकींना आठ दिवस माहेरी धाडत. वर्षात तेवढेच आठ.

एका बाईची एकच लेक, भिवरा. तीन डोंगरांपलीकडे दिलेली. बाई वर्षभर त्या आठ दिवसांची वाट बघे.

एका वर्षी तुतीची पानं आकसली, पिवळी पडली. फळं जोंधळ्याएवढी राहून गळली. साऱ्या गावात तेच. तुती नाही, तर लेकी कशाला येतील? भिवराही आली नाही.

गावानं काय केलं? बऱ्यातल्या बऱ्या झाडाची काडी तोडून पुन्हा लावली. पणज्यांपासून तसंच चालत आलेलं, सगळ्या तुत्या एकाच झाडाच्या काडीच्या. काडी फुटे, दोन वर्षं डोले, मग तिचीही पानं आकसत. बाईनंही तेच केलं. सहा उन्हाळे असेच गेले.

सहाव्या उन्हाळ्यात तिनं आकसलेलं पान उलटून पाहिलं. खाली हिरवा मावा दाटला होता.

"का रे, माझ्याच झाडाच्या मुळावर उठलास?"

"मी कुठं उठतोय बाई," एक मावा म्हणाला. "मी इथला रस पितो, तिथला रस पितो. सोंडेला कुठला रोग लागून येतो ते मला काय ठाऊक."

"मग ओढ्यापलीकडची रानतुती हिरवीगार कशी?"

"तिच्या पानावर अशी दाट लव आहे की पाय ठरत नाही, सोंड पोचत नाही. आम्ही तिच्याकडे जेवायला जातच नाही."

रानतुती आंबट, तुरट. ती फक्त शेळ्या खात. पुढच्या मोसमात बाईनं तिचे परागानं भरलेले फुलांचे तुरे आणले, आपल्या तुतीच्या फांदीवर झटकले आणि फांदीला फडकं बांधलं.

शेजारणीनं कुंपणावरून पाहिलं. "काय गं, फांदीचं डोकं दुखतंय का?"

"लग्न लावलंय तिचं."

"कोणाशी?"

"ओढ्यापलीकडच्याशी."

"त्या तुरटाशी? मग नातवंडं गोड निघतील होय."

"पहिली नाही निघायची. पुढची बघू."

चार-दोन फळं धरली, त्यांचं बी बाईनं पेरलं. चार वर्षांनी रोपांना फळ आलं, ते आंबटच. ज्या रोपांवर मावा बसला ती तिनं उपटली. उरलेल्यांतलं त्यातल्या त्यात गोड रोप ठेवलं आणि त्याची पुन्हा जुन्या तुतीशी गाठ घातली. पुन्हा बी, पुन्हा चार वर्षं. मधे एका वाटसरूनं सांगितलं, भिवराला मुलगा झाला. मग दुसऱ्यानं सांगितलं, मुलगी झाली. बाईनं दोघांची तोंडं पाहिली नव्हती.

दुसऱ्या खेपेच्या रोपांत एक झाड थेट जुन्या चवीचं निघालं. शेजारणीनं एक फळ तोंडात टाकलं आणि तिचे डोळे भरले. "हीच गं ती. मला काडी दे. पुढच्या उन्हाळ्यात दोघीही लेकींना बोलावू."

बाईनं पान उलटलं. पान गुळगुळीत होतं, खाली मावा होता.

पुढच्या उन्हाळ्यात भिवरा आली असती. बाईनं खोडावरून हात फिरवला. मग म्हणाली, "हे राहिलं तर सारं गाव याच्याच काड्या नेईल. दोन वर्षं खाऊ, आणि पुन्हा तेच." तिनं कुदळ घेतली. शेजारीण रागावून निघून गेली.

त्याच्या शेजारी लव असलेलं एक झाड होतं. फळ गोड, पण शेवटाला जराशी आंबट झाक. बाईनं तेच वाढवलं. पुढच्या वर्षी झाड लगडलं, पान एकही आकसलं नाही. तीन डोंगर ओलांडून निरोप गेला.

भिवरा आली. कानशिलावर केस पांढरे झाले होते, दोन्हीकडे दोन मुलं. तिनं फळ तोंडात घातलं आणि थांबली.

"आई, ही आपली तुती नाही. आंबट लागते जराशी."

"आपली आता कुठंच नाही, बाळ."

भिवरानं मुलांकडे पाहिलं. मुलं तोवर फांदीला लोंबकळून तोंडं काळी करून बसली होती. तिनं त्यांना विचारलं, "आंबट नाही का रे लागत?"

"तुती अशीच असते ना," मुलगी म्हणाली.

तेव्हा भिवरा हसली आणि तिनं दुसरं फळ तोडलं. पावसाळ्यात शेजारीण येऊन काडी घेऊन गेली, मग सगळं गाव आलं. पुढच्या उन्हाळ्यात साऱ्या घरच्या लेकी झाडांखाली होत्या.

बोध एवढाच: जे होतं ते तस्संच परत हवं म्हणून बसलं की हाती नुसती आठवण राहते, त्यात दुसऱ्याचं थोडं मिसळू दिलं तर ते जगतं.