महाराजांची खपली

रणधुमाळ महाराजांचा गुडघा काही केल्या बरा होईना! जखम लढाईतली म्हणावी तर तसंही नाही. पिकल्या फणसाच्या वासामागे धावत मुदपाकखान्यात शिरताना महाराज उंबऱ्याला अडखळले आणि सपशेल आपटले. त्याला आता दीड महिना झाला होता. जखमेवर रोज खपली धरायची, रोज ती गायब व्हायची आणि महाराज गरजायचे, "औषध खोटं! उतरवा वैद्याची अर्धी मिशी!"

तीन राजवैद्य एका बाजूची मिशी घेऊन तोंड लपवत फिरत होते. चौथी पाळी आली झाडपाला विकणाऱ्या केरबाची. केरबाची मिशी म्हणजे गावाचं वैभव! तिला तो रोज लोणी चोळायचा. बिचारा दरबारात आला तोच मिशीवर हात ठेवून. मागोमाग पाल्याची टोपली घेऊन त्याची लेक ठकू.

"तीन दिवसांत खपली धरली पाहिजे आणि टिकली पाहिजे," महाराज म्हणाले. "नाहीतर तुझी पुरती मिशी जाईल!"

केरबाने दोन्ही हातांनी मिशी झाकली. ठकू मात्र महाराजांच्या मांडीवरच्या शेल्याकडे टक लावून बघत होती. महाराज बोलत होते आणि शेल्याखाली, बरोबर गुडघ्यापाशी, काहीतरी सारखं वळवळत होतं. ठकूला काय ते कळलं. पण राजाला तोंडावर सांगायचं कसं?

"महाराज, आमच्या दगडीपाल्याने जखम भरतेच," ती म्हणाली. "पण तुमच्या राजवाड्यात एक चोर आहे. तो खपली पळवतो!"

"चोर? आमच्या गुडघ्यावर?" महाराज ताडकन उठले. "पकडून दे! तू सांगशील ती शिक्षा त्याला. हा आमचा शब्द!"

केरबाने दगडीपाला तळहातावर चुरगाळून त्याचा हिरवा रस जखमेवर पिळला. ठकूने त्यावर चांगली मूठभर हळद दाबली.

तिसऱ्या दिवशी दरबार भरला. खपली नव्हतीच! न्हाव्याने वस्तरा परजला. केरबाने डोळे गच्च मिटले.

"थांबा!" ठकू ओरडली. "आधी सगळ्यांनी हात दाखवा!"

प्रधानांचे हात स्वच्छ. सेनापतींचे स्वच्छ. आचाऱ्याचे मात्र पिवळेजर्द!

"सापडला!" महाराजांनी टाळी वाजवायला हात उचलले आणि घाईघाईने पुन्हा शेल्याखाली घातले.

"हा नव्हे, महाराज. हा मनगटापर्यंत पिवळा आहे. तुमच्या वरणातली हळद ही! चोराची नुसती नखं पिवळी असणार. आता एकच माणूस राहिला."

सगळ्यांच्या माना सिंहासनाकडे वळल्या.

"दाखवा की हात," राणीसाहेब म्हणाल्या. "लाजताय काय नव्या नवरीसारखे?"

हात बाहेर आले. अंगठा आणि तर्जनी, दोन्हींची नखं पिवळी धमक!

"हा... हा आमरस आहे!" महाराज चाचरले.

"मग चाटून दाखवा, महाराज!" ठकू म्हणाली.

भर दरबारात नाही कसं म्हणणार? महाराजांनी बोट तोंडात घातलं. हळद अन् दगडीपाला! डोळे बारीक झाले, नाक आक्रसलं, जीभ हातभर बाहेर आली.

"थू थू थू! चोर आम्हीच! सांग पोरी, शिक्षा काय?"

"बोटांना सोलायची एवढी हौस आहे, तर सात दिवस मोड आलेले वाल सोला, महाराज! दोन्ही हातांनी!"

महाराज असे खदाखदा हसले की मुकुट घरंगळत प्रधानांच्या पायाशी गेला.

पुढचे सात दिवस महाराजांनी मांडीवर सूप घेऊन न्यायनिवाडा केला. एक वाल, एक निकाल! रोज दगडीपाल्याचा रस, रोज वालाचं बिरडं. दरबारी खाऊन खाऊन कंटाळले, पण आठव्या दिवशी गुडघा गुळगुळीत झाला. महाराजांनी ठकूला सोन्याच्या पाटल्या दिल्या, केरबाला डोंगरावरचा पाला तोडायची सनद दिली आणि त्याच्या मिशीला जन्मभर सरकारी लोणी!